मोलोकाई बेटावरचा भोंगा

शिकागोच्या मराठी मंडळींत सुलभा करंबेळकर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक तिच्या हातच्या अळूवड्या आणि दुसरा तिचा भित्रेपणा. कुणाकडे गणपतीला किंवा कोजागिरीला जमायचं असलं, की चपला काढता काढता ती मागचं दार कुठं आहे ते बघून घ्यायची. थिएटरात कडेचीच खुर्ची धरायची. शहरात खरेदीला जायचं तर सरोवराच्या काठचा सरळ रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांतून बस बदलत जायची. गाडी तिला येत होती, लायसन्सही होतं. पण स्कोकी उपनगरातल्या त्यांच्या घरापासून मुलीच्या शाळेपर्यंत आणि लायब्ररीपर्यंत, यापलीकडे तिनं कधी गाडी नेली नव्हती.

तिचा नवरा हेमचंद्र पुलांची डिझाइन्स करणारा इंजिनियर. गडी दिलखुलास, हसरा. "आमच्या हिला देवानं दोन डोळे दिलेत," तो चारचौघांत सांगायचा, "एक समोर बघायला आणि एक बाहेर पडायचं दार शोधायला." लोक हसत, सुलभाही हसे. त्यात दुष्टपणा नव्हता हे तिला कळत होतं.

भीतीचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, निदान तसं सगळ्यांना वाटत होतं. सुलभा पुण्याची, नारायण पेठेत नदीलगत राहणारी. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घर वाहून गेलं, सख्खे काका गेले. लग्न ठरताना हेमचंद्रला एवढंच सांगितलं गेलं होतं. त्यानं पुढं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुण्यात त्या वर्षी प्रत्येक घरातून काही ना काही गेलं होतं. त्याची कुणी उजळणी करत बसत नसे.

शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात त्यांचे मित्र शैलेंद्र आणि रेखा हवाईहून फिरून आले आणि त्यांनी घरी बोलावून स्लाइड्स दाखवल्या. बाहेर बर्फ गुडघाभर आणि भिंतीवर निळंशार पाणी, नारळ, फुलांच्या माळा. सगळ्यांत शेवटी एका लहानशा बेटाची चित्रं होती. मोलोकाई. "याला फ्रेंडली आयलंड म्हणतात," रेखा सांगत होती. "ट्रॅफिक लाइट नाही, मोठी हॉटेलं नाहीत. रस्त्यानं जाताना अनोळखी माणसं हात करतात. सुलभा, तुला आवडेल बघ. गर्दी नाही, गडबड नाही."

हेमचंद्रनं परतताना गाडीतच ठरवून टाकलं. दीपा तेरा वर्षांची होती, तिची शाळा चालू होती. ती आठवडाभर रेखाकडे राहणार होती.

"सगळीकडून पाणी असणार ना तिथं?" सुलभानं विचारलं.

"बेट आहे, सुलभा. पाणी असणारच."

"Mom, just go," मागच्या सीटवरून दीपा म्हणाली. "Nothing's going to happen."

मे महिन्याच्या आरंभी ते दोघं निघाले. होनोलुलूहून पुढचं विमान इतकं लहान होतं, की पायलटच्या मानेवरचा तीळ दिसत होता. सुलभानं डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हटलं, दोनदा चुकली आणि दोनदा पहिल्यापासून सुरू केलं.

बेटाच्या पूर्वेच्या बाजूला, समुद्र आणि रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांनी एक लाकडी खोली घेतली होती. तिची मालकीण मिसेस हात्सुए ओशिरो, साठी ओलांडलेली विधवा, शेजारच्याच घरात राहायची. तिचे आजोबा जपानहून उसाच्या मळ्यात कामाला आले होते. बुटकी, रुंद बांध्याची, गुडघ्यांनी अधू, पण तोंडानं कायम हसती. "मला आंटी म्हणायचं," तिनं पहिल्याच भेटीत बजावलं. "इथं मोठ्या बायकांना सगळे आंटीच म्हणतात." सुलभा तोंडानं आंटी म्हणाली आणि मनात मावशी. बाईच्या दारात चपला काढून ठेवलेल्या होत्या, चुलीवर भात होता आणि बरणीत खारवलेली आंबट फळं होती, ती पाहून सुलभाला माहेरी आल्यासारखं वाटलं. अंगणातून एक मुंगूस पळालं तेव्हा तर ती हेमचंद्रला म्हणाली, "अहो, शुभ आहे."

पण त्याच दुपारी भोंगा वाजला. उंच खांबावरचा, चढत जाणारा आवाज. सुलभाच्या हातातला पेला पडला आणि ती अनवाणी रस्त्यापर्यंत धावली. आंटी पोट धरून हसली. "अगं, टेस्ट आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वाजवतात, भोंगा चालतोय का बघायला. आम्ही त्यावर घड्याळ लावतो."

हेमचंद्रही हसला. सुलभा आत आली, पण त्या संध्याकाळी तिनं टेलिफोनची डिरेक्टरी उघडली. पहिल्याच पानांवर बेटाच्या किनाऱ्याचा नकाशा होता. समुद्राची लाट आली तर कुठपर्यंतचा भाग सोडायचा ते त्यात आखून दाखवलं होतं. त्यांची खोली, आंटीचं घर, पूर्वेकडचा तो सगळा रस्ता, सगळं रेघेच्या आत. दुसऱ्या दिवशी फिरायला गेल्यावर तिनं पाहून ठेवलं, की रस्त्यावरच्या लहान लाकडी चर्चच्या पुढं डाव्या हाताला लाल मातीचा एक रस्ता गुरांच्या कुरणाकडे वर चढतो, आणि त्याच्या तोंडाशी साखळीचं फाटक आहे.

"काय बघतेस?" हेमचंद्रनं विचारलं.

"काही नाही. झाडं बघतेय. आपल्याकडच्या बाभळीसारखी वाटतात."

बेट खरोखरच नावासारखं होतं. वाटेत माणसं हात करत होती. कुणी पपया आणून दाराशी ठेवून जाई, कुणी मासा घेऊन येई आणि हे मासे खात नाहीत असं कळल्यावर हळहळून परत जाई. आंटीच्या घरामागं ओल्या वाफ्यात अळू होतं, हत्तीच्या कानाएवढ्या पानांचं. सुलभाच्या बॅगेत बेसनाची पिशवी होतीच. आंटीला अळूवडी करून दाखवायचं ठरलं. इतकं सगळं चांगलं असूनही सुलभाची झोप मात्र सशाची होती. खडकांच्या रांगेवर फुटणारं पाणी खोलीत ऐकू येई. ती दाराला आतून खुर्ची लावे, आणि लाट आली तर खुर्चीचा काय उपयोग, असं मनात आलं की उठून ती परत काढून ठेवी.

बुधवारी हेमचंद्र मासेमारीची मजा बघायला गेला. आंटीच्या भाच्याची मोटरबोट होती, तो त्याला दूर खोल पाण्यात नेणार होता. भाड्यानं घेतलेली मोटार घेऊन तो पहाटेच बंदरावर निघाला.

"लाइफ जॅकेट घालाल ना?"

"घालीन."

"काढू नका हं."

"सुलभा, बोटीतून परत आल्यावर आंघोळीलासुद्धा काढणार नाही," तो म्हणाला आणि गेला.

दुपार उलटली होती. आंटीच्या ओसरीवर पाट मांडून दोघी बसल्या होत्या. सुलभा पानाच्या पाठीवर बेसन थापत होती आणि आंटी दुसरं पान उलटं कसं ठेवायचं ते शिकत होती. तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

या वेळी सुलभा उठली नाही. एकदा फजिती झाली होती ती पुरे. "टेस्ट आहे ना?" तिनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

आंटीचा हात पानावर तसाच राहिला होता.

"आंटी, टेस्ट आहे ना ही?"

"टेस्ट एक तारखेला असते," आंटी म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

भोंगा थांबेना. सुलभानं आत जाऊन रेडिओ लावला. अलास्काच्या बाजूला समुद्रात मोठा भूकंप झाला होता. सगळ्या बेटांच्या किनाऱ्यांना लाटेचा इशारा दिला होता. संध्याकाळच्या आत लाट पोचेल, किनाऱ्यावरच्या लोकांनी लगेच उंचावर जावं. निवेदक शांतपणे तेच तेच वाक्य वाचत होता आणि त्या शांतपणाचीच सुलभाला जास्त भीती वाटली. आणि मग, इतक्या उशिरा कसं, असं तिला नंतर वाटत राहिलं, पण मग तिला आठवलं, की हेमचंद्र समुद्रात आहे.

तिनं फोन उचलला. बंदरावर कुणाला तरी विचारावं, एवढंच सुचलं होतं. फोनमधून नुसतीच लाइन बिझी असल्याचा टोन येत होता. ठेवला, उचलला, पुन्हा तेच.

रस्त्यावरून पोलिसांची गाडी कर्ण्यावरून ओरडत आली. "किनारा सोडा. उंचावर जा." दारासमोर तिचा वेग कमी झाला. आंटी ओसरीवर उभी राहिली, हसली आणि नेहमीसारखा हात हलवून म्हणाली, "निघालोच, निघालोच." पोलिसानंही हात केला आणि गाडी पुढं गेली. त्याला पुढं कितीतरी घरं गाठायची होती.

गाडी वळणाआड गेली तशी आंटी खाली बसली. खुर्चीत नव्हे, ओसरीच्या पायरीवर, भिंतीला टेकून. अंगणातल्या तिच्या पिकअप ट्रकची किल्ली तिच्या मुठीत होती, पण ती मूठ मांडीवरून हलेना.

"आंटी, उठा. गाडी काढा."

"तू हो पुढं," आंटी म्हणाली. तिचे डोळे सुलभाकडे नव्हते. "तू हो पुढं, मी आलेच."

हे शब्द सुलभानं पूर्वी ऐकले होते. वेगळ्या भाषेत, वेगळ्या माणसाच्या तोंडून. त्या दिवशी दुपार व्हायची होती. नदीचं पाणी गढूळ, फुगलेलं, आणि लोक पुलावर छत्र्या घेऊन ते बघायला उभे. धरण फुटलं, पळा, असं कुणी ओरडत गेलं तरी निम्मे लोक हसत होते. आई धाकट्या दोघांना घेऊन केव्हाच निघाली होती. सुलभा मागं राहिली होती ती एकनाथकाकांसाठी. काका शिंपी होते, समोरच्याच खोलीत त्यांचं दुकान. ते शिलाईचं मशीन माळ्यावर चढवत होते. चला ना काका, ती रडकुंडीला येऊन म्हणत होती, आणि ते हसून म्हणाले, उगीच घाबरू नकोस गं, तू हो पुढं, मी आलोच. मोठ्या माणसाचं ऐकायचं असतं म्हणून ती पुढं झाली.

सुलभानं आंटीच्या काखेत हात घातला आणि ओढलं. आंटी जड होती, ती हलली नाही. सुलभाला रडू फुटलं. ती रडत रडत ओढत राहिली आणि तोंडानं काय बोलतेय याचं तिला भान नव्हतं. बरंचसं मराठीच बोलत असावी. "मी नाही पुढं जाणार. तुम्ही उठा. नाही उठलात तर मी पण इथंच बसते. मला फार भीती वाटतेय, मावशी. उठा."

आंटीनं तिच्याकडे पाहिलं. शब्द समजले नसतील, पण ती भिंतीला हात लावून उठू लागली. सुलभानं तिच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. एकेक बोट उघडावं लागलं.

पिकअप जुनी होती आणि गिअर हातानं टाकायचे होते. लग्नानंतर पहिल्या वर्षी हेमचंद्रनं तिला तशा गाडीवर शिकवायला घेतलं होतं, पण दोन रविवारांतच तिनं हात टेकले होते. आता तिनं क्लच दाबला, गिअर पुढं ढकलला आणि पाय सोडला. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. आंटी शेजारी डोळे मिटून बसली होती. तिसऱ्यांदा गाडी घरघरत निघाली. सुलभा पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर गेलीच नाही. हात सोडायची हिंमत होत नव्हती. इंजिन किंचाळत होतं. उजव्या बाजूला, दाराला लागूनच समुद्र होता. ती तिकडे बघत नव्हती, तरी तो तिला दिसत होता. उन्हात चमकणारा, शांत, काहीच ठाऊक नसल्यासारखा.

चर्च आलं. डाव्या हाताचा लाल रस्ता आला. फाटक उघडं होतं, कुणीतरी आधीच साखळी काढून ठेवली होती. चढावर गाडी एकदा मागं घसरली तेव्हा सुलभाच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. तिनं पाय दाबून धरला आणि गाडी धूळ उडवत वर आली.

टेकडीवर तीसचाळीस माणसं जमली होती. चटया पसरल्या होत्या, शीतपेटीतून डबे निघत होते, मुलं गाईंमागं पळत होती. एका माणसाकडे दुर्बीण होती. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे होती, जणू जत्रेतला खेळ सुरू व्हायचाय. या दोघींना पाहून बायकांनी जागा करून दिली, पाणी दिलं. "आंटी, इकडे या, इथून छान दिसेल," एकजण म्हणाली.

आंटी मान हलवून पलीकडे गेली आणि एका काटेरी झाडाखाली, समुद्राकडे पाठ करून बसली. सुलभा तिच्या शेजारी तशीच बसली. दोघींच्या हातांवर बेसन वाळून पापडी धरली होती.

सुलभानं दुर्बीणवाल्याला विचारलं, "बोटी दिसतात का? माझा नवरा बोटीवर आहे."

"खोल पाण्यात असेल तर काळजी नको," तो म्हणाला. "लाट किनाऱ्याजवळ उंच होते. बाहेर बोटीखालून गेली तर कळतसुद्धा नाही. बंदरातल्या बोटीही बाहेर नेतात अशा वेळी."

ते खरं असेल असं तिला वाटलं, पण त्यानं तिला धीर आला नाही. धरणाची भिंत टिकेल हेही तिला मोठ्या माणसांनीच सांगितलं होतं. तिला दीपा आठवली. दीपाला कोण सांगेल? रेखा सांगेल. काय सांगेल? तिनं पदराचं टोक दातांत धरलं आणि मग लक्षात आलं, की आपण साडी नेसलेली नाही, सदऱ्याची बाही चावतोय.

"माझी बहीण होती," आंटी एकाएकी बोलू लागली. "मिचिको. मोठ्या बेटावर, हिलो गावात आम्ही राहायचो. साठ साली असाच भोंगा वाजला. खूप वेळ काही झालं नाही. लोक घरी परतले. काही जण पुलावर गेले, लाट बघायला. मिचिकोनं मला हाक मारली, चल गं, गंमत बघू. मी म्हटलं, तू हो पुढं, मी आलेच. मी केस विंचरत होते." ती थांबली. "ती किती वाकली होती कठड्यावरून, ते एकानं मला नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं तरी सांगितलं."

वाऱ्यानं गवत लवत होतं. सुलभा म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही. तुम्ही हसत होतात."

"टेस्टच्या वेळी हसावंच लागतं," आंटी म्हणाली. "नाहीतर दर महिन्याला कसं जगायचं?"

मग सुलभानं तिला एकनाथकाकांविषयी सांगितलं. पंचवीस वर्षांत आईलासुद्धा न सांगितलेलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, एका परक्या बाईला. काका शेवटचं बोलले ते आपल्याशी. आपण हात धरून ओढलं नाही. रस्त्याच्या वळणावर मागं वळून पाहिलं तेव्हा ते मशीनचं चाक कापडानं पुसत होते. आणि पुढं पर्वतीच्या पायथ्याशी आईनं विचारलं, काका कुठं आहेत, तेव्हा आपण म्हणालो, येतायत. आंटीनं सुलभाचा बेसनाचा हात आपल्या बेसनाच्या हातात घेतला.

इतक्यात मागून गलका झाला. "पाणी मागं चाललंय! खडक उघडे पडले!"

मुलांचा आवाज बंद झाला. आंटीची नखं तिच्या मनगटात रुतली. दोघींनीही वळून पाहिलं नाही. सुलभा समोरच्या गाईकडे बघत राहिली. ती रवंथ करत होती, तिचा जबडा एकसारखा हलत होता. हा जबडा थांबला की लाट आली असं समजायचं, असं काहीतरी खुळं तिच्या मनात आलं. गाय थांबली नाही. मागून कुणी म्हणालं, येतंय परत. मग बराच वेळ काही नाही. मग एक हसू ऐकू आलं, मग अनेक. पाणी आलं होतं, किनाऱ्यावरच्या मासेतळ्याच्या जुन्या दगडी भिंतीवरून थोडं आत सांडलं होतं आणि परत गेलं होतं. भरतीपेक्षा जरासं जास्त, इतकंच. नंतरही दोनतीनदा तसं झालं. मोठी लाट आलीच नाही.

लोकांनी डबे उघडले. कुणीतरी लहानशी गिटार वाजवू लागलं. धोका टळल्याचं रेडिओवर जाहीर झालं आणि चटया गुंडाळून एकेक गाडी खाली गेली. या दोघी मात्र हलायला तयार नव्हत्या. धोका टळला असं सांगून लोकांना घरी पाठवतात आणि मग काय होतं, ते दोघींनाही माहीत होतं.

सूर्य कलायला आला तेव्हा एक मोटार टेकडी चढून आली. हेमचंद्र उतरला. उन्हानं नाक लाल झालेलं, गळ्यात अजून लाइफ जॅकेट. त्याच्यासोबत आंटीचा भाचा होता.

"काय गं," तो दुरूनच म्हणाला, "त्सुनामी बघायला तिकीट काढून बसलात का? आम्हाला तर पत्ताच नाही. रेडिओवर सांगितलं, बाहेरच थांबा, आम्ही आपले थांबलो. समुद्र कसा, तर ताटात ठेवलेल्या पाण्यासारखा. म्हटलं, आमच्या घाबरटाचं..."

जवळ येऊन त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि वाक्य अर्धंच राहिलं. तो तिच्यापुढं गवतात बसला. तिचे दात वाजत होते, उकाड्यातसुद्धा. त्यानं जॅकेट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. सुचलं ते केलं. भाच्यानं पिकअपची किल्ली मागितली तर ती तिच्या मुठीतच होती, तळव्यावर तिच्या दात्यांचा ठसा उमटलेला.

"गाडी कुणी आणली वर?" हेमचंद्रनं विचारलं.

"तिनं," आंटी म्हणाली. "मी येत नव्हते."

घरी आल्याआल्या सुलभानं शिकागोला फोन लावला, लागेपर्यंत लावत राहिली. टीव्हीवर बातमी बघून रेखाकडे सगळे हवालदिल झाले होते. दीपानं फोन घेतला, आधी फक्त तिचा श्वास ऐकू आला. मग ती मराठीत म्हणाली, "आई, तू आता घरी ये." सुलभानं हो म्हटलं.

त्या रात्री दोघं आंटीच्या माजघरात झोपले, म्हणजे आडवे झाले. काकांची गोष्ट सुलभानं हेमचंद्रला तिथंच सांगितली. शेवटी तो म्हणाला, "लग्नाला सोळा वर्षं झाली. मी विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "मीही सांगितलं नसतं."

त्यानंतर सुलभाची भीती गेली असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. पुढच्या वर्षी ते कोलोरॅडोला डोंगरात गेले तर तिला दरड कोसळायची भीती वाटली. सरोवराकाठच्या रस्त्यानं ती तरीही कधी गेली नाही. मंडळींत मात्र थोडा फरक पडला. एकदा दिवाळीच्या जेवणात कुणीतरी हेमचंद्रला म्हणालं, "अरे, तो दाराचा जोक सांग ना." हेमचंद्र म्हणाला, "तो मी आता सांगत नाही," आणि त्यानं कढीची वाटी पुढं केली.

आंटीचा नव्या वर्षाला फोन यायचा. एकोणनव्वदच्या वसंतात तिनं विचारलं, दीपाला उन्हाळ्यात इकडे पाठवाल का? अळूच्या वाफ्यात मदत होईल, मुलगी पोहायला शिकेल. दीपा सोळा वर्षांची झाली होती, तिनं आठवडाभर दुसरा विषय काढला नाही. हेमचंद्र म्हणाला, "तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर मी तिला समजावीन." सुलभानं बरेच दिवस उत्तर दिलं नाही. तिला दर वेळी एकच चित्र दिसत होतं आणि त्या चित्रात पाण्यात दीपाचा चेहरा होता. शेवटी एका सकाळी दीपा शाळेला निघाली असताना ती म्हणाली, "जा तू."

ओहेअर विमानतळावर तिनं दीपाला बाजूला घेतलं. "आंटी म्हणेल, तू हो पुढं, मी आलेच. ऐकायचं नाही. तिला घेऊनच निघायचं."

"Mom, I know. You've told me."

"पुन्हा सांगते. कुणी हसलं तरी चालेल."

दीपानं तिला मिठी मारली आणि विमानाला जोडलेल्या बोगद्यातून आत गेली. विमान धावपट्टीकडे वळेपर्यंत सुलभा काचेशी उभी राहिली. मग ती जवळच्या खुर्चीत बसली. हेमचंद्र तिच्या शेजारी बसला. निघायची घाई त्यानं केली नाही.